‘ण’ बाणाचा कसा?

अंकलिपी उघडली की ‘ग’ गवताचा, ‘घ’ घराचा, ‘म’ मगरीचा. मूल चित्र बघतं, शब्द म्हणतं, त्या शब्दाचा पहिला आवाज पकडतं आणि तो शेजारच्या अक्षराला जोडतं. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ‘ण’ येतो. मराठीत ‘ण’ने सुरू होणारा शब्दच नाही, म्हणून तिथे बाण काढलेला असतो आणि म्हणायचं असतं ‘ण बाणाचा’. मूल बाण बघतं आणि आतापर्यंतच्या नियमाला धरून म्हणतं, ‘ब’. बाई म्हणतात, चूक. ‘ळ’ला पुन्हा तेच, कारण चित्र असतं बाळाचं नाहीतर कमळाचं. खरं तर मुलाने बिनचूक तर्क केलेला असतो. नियम पुस्तकाने मध्येच बदललेला असतो आणि ते कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

वाचन शिकवण्याबद्दल जगभरात गेली साठ-सत्तर वर्षं जे संशोधन झालं, त्याचा मोठा भाग अशाच प्रश्नांवर आहे. शिकवणाऱ्याला जे उघड दिसतं ते शिकणाऱ्याला कुठे आणि का दिसत नाही, हे त्यातून कळतं. आपल्याकडे या संशोधनाचा बोलबाला दोन वाटांनी झाला. एक वाट शहरातल्या गल्लोगल्ली लागलेल्या फोनिक्स क्लासच्या पाट्यांची. दुसरी सरकारी प्रशिक्षणांची, जिथे ‘पायाभूत साक्षरता’ हा शब्द चहाबरोबर वाटला जातो. दोन्ही वाटांवर मूळ निष्कर्ष बरेच झिजून पोचले आहेत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. बोलायला मूल आपोआप शिकतं. वाचायला शिकवावं लागतं. लेखनाचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्या अवधीत मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी दाखवलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा, मुळात वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामी येणारा एक भाग वाचायला शिकल्यावर अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. या प्रकारचा एक महत्त्वाचा प्रयोग देवनागरीवर झालेला आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. लखनौजवळच्या खेड्यांमधल्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संशोधकांनी मांडलं की तिशीतल्या या बायकांच्या मेंदूत अगदी खोलवरच्या भागांपर्यंत बदल झाले होते. ‘आता या वयात काय शिकणार’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तो गाजलेला वाद. तो इंग्रजीचा आहे. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकेत एक खळबळजनक पुस्तक लिहिलं: जॉनीला वाचता का येत नाही? त्यांचं उत्तर होतं, शाळांनी अक्षर आणि ध्वनी यांचं नातं शिकवणं सोडलं म्हणून. मुलं शब्द चित्रासारखे अख्खे पाठ करत होती. १९६७ मध्ये हार्वर्डच्या जीन शॉल यांनी तोवरचे सगळे अभ्यास तपासून फ्लेश यांच्या बाजूने, पण पुष्कळ संयमाने, कौल दिला. नेमक्या त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी उलट मांडणी केली. वाचन म्हणजे अर्थाच्या आधाराने केलेला अंदाजाचा खेळ. चांगला वाचक प्रत्येक अक्षर बघतच नाही, असं त्यांचं म्हणणं. (त्याच १९६७च्या जानेवारीत पुण्यात बालभारती स्थापन झाली. हा निव्वळ योगायोग, पण तारखा शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.) गुडमन यांच्या मांडणीतून ‘होल लँग्वेज’ची चळवळ उभी राहिली. मुलाला गोष्टींच्या पुस्तकांत सोडा, ते बोलण्यासारखंच वाचायलाही शिकेल, असा तिचा विश्वास होता.

विश्वास मोहक होता, पण पुराव्यापुढे टिकला नाही. डोळ्यांच्या हालचाली अचूक मोजणारी यंत्रं आल्यावर दिसलं की चांगला वाचक जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर थांबतो आणि त्यातली अक्षरं बघतो. अंदाज करतो तो कच्चा वाचक, कारण त्याच्यापाशी दुसरा इलाज नसतो. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलने शेकडो अभ्यास चाळून पाच गोष्टी नक्की केल्या: शब्दातले सुटे ध्वनी ऐकू येणं, अक्षर-ध्वनीचं नातं पद्धतशीर शिकवणं (हेच फोनिक्स), ओघ, शब्दसंपदा आणि आकलन. २००६च्या जिम रोज यांच्या अहवालानंतर इंग्लंडने फोनिक्स सक्तीचं केलं आणि २०१२पासून तिथल्या सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी चाचणी सुरू झाली. तिच्यात चाळीस शब्द असतात आणि त्यातले वीस चक्क निरर्थक. निरर्थक का, तर ते पाठ करून म्हणता येत नाहीत आणि अंदाजानेही सापडत नाहीत. मला हा सगळ्या वादातला सर्वांत हुशार शोध वाटतो. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

पण फोनिक्सचा विजय झाला एवढंच सांगून थांबणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये एक सूत्र मांडलं. अक्षरं उकलण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचन. यातला गुणाकार महत्त्वाचा. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढता आली असती. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. पोथी घडाघड वाचणाऱ्याला तिचा अर्थ लागत नसेल, तर या सूत्रानुसार ते वाचन झालं नाही. भाषा समजण्याच्या बाजूला काय काय येतं, हे १९८८च्या एका अमेरिकी प्रयोगाने छान दाखवलं. बेसबॉलवरचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्च्या, पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्यांपेक्षा उतारा जास्त चांगला समजला. आपल्याकडे भातशेतीवरचा उतारा देऊन हाच प्रयोग केला, तर ‘राब’ आणि ‘आवणी’ माहीत असलेली वाडा-मोखाड्याची मुलं पुण्याच्या मुलांना मागे टाकतील यात मला शंका नाही. पण आपल्या चाचण्यांत बसस्टॉप, सर्कस आणि वाढदिवसाचा केक असतो.

हे झालं जगाचं. ते मराठीला जसंच्या तसं लागू होतं का?

नाही. कारण इंग्रजी ही वाचनाच्या जगातली विक्षिप्त भाषा आहे. २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांची तुलना झाली. वर्षाच्या शेवटी फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजी मुलं ३४ टक्के. मुलं तीच, मेंदू तेच, स्पेलिंग वेगळं. इस्रायलचे संशोधक डेव्हिड शेअर यांनी २००८ मध्ये स्पष्टच लिहिलं की वाचनाचं शास्त्र या एका अपवादाभोवती उभारलं गेलं आहे. फोनिक्सचा सगळा खटाटोप मुख्यतः इंग्रजीचं हे वेडंवाकडं स्पेलिंग ताळ्यावर आणण्यासाठी आहे. मराठीत ‘क’ हा ‘क’च असतो. तेव्हा ‘मराठी फोनिक्स’ म्हणून जे विकलं जातं, त्यातला बराचसा भाग औषध एका रोगाचं आणि रोगी दुसऱ्याचा, असा आहे.

मग मराठी सोपी का? तेही नाही. तिची अडचण वेगळ्या जागी आहे. इंग्रजी मुलाला अक्षरं शिकायची २६. आपल्या मुलाला वर्णमालेतले पन्नासेक वर्ण, मग प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं, आणि वर जोडाक्षरं. अशाच अक्षरलिपीत शिकणाऱ्या कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेलं काम या बाबतीत पायाभूत आहे. त्यांना दिसलं की अक्षरांचा हा पसारा हाताखाली यायला मुलांना तिसरी-चौथी उजाडते. ‘का’ हे अख्खं अक्षर मुलाला लवकर उमगतं. त्याच्या पोटात ‘क्’ आणि ‘आ’ असे दोन आवाज आहेत, हे उमगायला बराच वेळ लागतो. म्हणजे इंग्रजीत जी सुट्या ध्वनींची जाणीव सुरुवातीची पायरी मानतात, ती अक्षरलिपीत काही अंशी मात्रा शिकता शिकता येते. क्रमच बदलला.

मांडणीच्याही खोड्या आहेत. मराठी डावीकडून उजवीकडे वाचायची, असं आपण मुलाला सांगतो आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी काढतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीवर दाखवलं की लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम असा उलटतो तिथे वाचकाला खरोखरच जास्त वेळ लागतो. उकार खाली, मात्रा वर, आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘सूर्य’मधला ‘र्’ उच्चारायचा ‘य’च्या आधी आणि दिसतो त्याच्यावर. शिवाय ‘बदक’ लिहिलं तीन अक्षरांत, पण म्हणायचं ‘बदक्’. मूल ‘ब... द... क’ असं म्हणून थांबतं आणि त्याला पक्षी दिसत नाही, कारण शेवटचा ‘अ’ गिळायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चहा’तला ‘च’ वेगळे, तेही सांगितलेलं नसतं. या सगळ्या जागा ठाऊक आहेत, मोजक्या आहेत, आणि प्रत्येकीवर आठवडाभर खेळ घेता येतील इतक्या मजेदार आहेत. पाठ्यपुस्तकांत त्यांच्याकडे लक्ष मात्र अपवादानेच गेलेलं दिसतं.

त्याऐवजी आपण काय करतो? आधी सगळी मुळाक्षरं. मग काना, मग पहिली वेलांटी, मग दुसरी, अशी एकेक मात्रा पंधरवडा-पंधरवडा. ही शिडी इतकी लांब आहे की ‘मी’ हा शब्द वाचायला मुलाला महिनोन् महिने थांबावं लागतं, आणि एखाद्या सुनीताला स्वतःचं नाव वाचायला दिवाळीची सुट्टी ओलांडावी लागते. दरम्यान तिला वाचायला मिळतात काना-मात्रा नसलेली वाक्यं. त्यांत माणसं एकमेकांना फक्त आज्ञा देतात, कारण बिनमात्रेची मराठी क्रियापदं म्हणजे आज्ञार्थच. अशा वाक्यांत गोष्ट होत नाही. गोष्ट नाही म्हटल्यावर मूल लवकरच शिकतं की वाचन म्हणजे बोट ठेवून आवाज काढणं. कोणत्याही पहिलीच्या वर्गात जा; धडा खडखडीत म्हणणारं एखादं मूल सापडेल, ज्याचं बोट भलत्याच ओळीवर असतं.

वर्गात नेमकं काय चालतं, याचा सर्वांत सखोल मराठी पुरावा पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातून आला आहे. शैलजा मेनन, रामचंद्र कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगिरीच्या कन्नड शाळांमधल्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था त्यात मराठीची बाजू सांभाळत होती. २०१७ मध्ये आलेला हा अहवाल वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. वर्गातला वेळ फळ्यावरून उतरवून काढण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो. वाचलेल्याबद्दल बोलणं, मनातलं लिहिणं जवळपास नाहीच. तिसरीच्या शेवटीही अनेक मुलांना सलग मजकूर ओघात वाचता येत नाही. गंमत म्हणजे यात अक्षरवाले आणि अर्थवाले दोघेही हरतात. आपले वर्ग अक्षरांवर सगळा वेळ घालवतात आणि तरी अक्षरं येत नाहीत. कारण घोकणं म्हणजे उकल शिकवणं नव्हे. अक्षरांवर घालवलेला वेळ आणि अक्षरांचं नातं उलगडून दाखवणं यांत फरक आहे, आणि फोनिक्सच्या संशोधनाचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

पर्याय नाहीत असं नाही. एक पर्याय महाराष्ट्रातच, फलटणला, काही दशकांपासून उभा आहे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकी, पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषातज्ज्ञ. त्यांनी दलित वस्तीतल्या, शाळेने सोडून दिलेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत वाचन पद्धती घडवली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. पद्धतीचं मर्म सांगायला सोपं आहे. सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका; थोडी अक्षरं घ्या आणि त्यांच्याबरोबर लगेच एखाददुसरी मात्रा. समजा फक्त क, म, न, र ही अक्षरं आणि काना व दीर्घ वेलांटी एवढंच हाती आहे. काका, मामा, काकी, मामी, नाक, कान, मान, रान, मका, कमान, मीरा, नीरा एवढे शब्द झाले. ‘मी काम करीन’ हे वाक्य झालं, आणि तेही आज्ञा नसलेलं. मुलाच्या हातात पहिल्या महिन्यातच खरी भाषा पडते. मात्रा सुरुवातीलाच भेटल्यामुळे ‘क’च्या पोटातला ‘क्’ही लवकर सुटा होतो. नाग यांच्या संशोधनातून जे निष्कर्ष निघतात, त्यांच्याशी हा क्रम किती जुळतो ते बघा. आणि तो आकाराला आला तो वर्गात बसून, मुलांच्या चुका बघत.

दुसरं मोठं काम ‘प्रथम’चं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या या संस्थेने एक वेगळाच प्रश्न विचारला: जी मुलं चौथी-पाचवीत पोचली आणि वाचूच शकत नाहीत, त्यांचं काय? उत्तर असं की दिवसातला काही वेळ इयत्ता विसरा, आणि मुलाला जे येतं तिथून पुढे न्या. अक्षरं येणाऱ्यांचा गट वेगळा, शब्द येणाऱ्यांचा वेगळा. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ म्हणजे वस्तीतल्याच तरुणींच्या मदतीने मागे पडलेल्या मुलांना असं शिकवलं, तेव्हा त्यांचे गुण वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. तिथे काही गावांत नुसत्या सभा घेऊन पालकांना शाळेची स्थिती सांगितली; मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. काही गावांत स्वयंसेवकांना वाचायला कसं शिकवायचं हे दाखवून शिबिरं चालवली. तिथे आलेली मुलं वाचू लागली. पालक सभा आणि जनजागृतीवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या योजनांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा. आक्षेपही आहे. गोष्टीचा परिच्छेद वाचता आला की मूल वाचतं झालं, असं धरलं जातं. समजलं किती, हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते हा आक्षेप खरा आहे, पण जे मूल पाचवीत अक्षरावर अडलेलं आहे त्याच्या बाबतीत तो काढण्याची घाई नको.

कारण आकडे अजून गंभीर आहेत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये २७.१. म्हणजे पायाभूत साक्षरतेसाठीच्या निपुण भारत अभियानाच्या तीन वर्षांनी आपण होतो तिथे परत आलो. घसरण थांबली याचं श्रेय द्यायला हवं. पण चारातली जवळपास तीन मुलं तेव्हाही बाहेरच होती.

गुणाकाराची दुसरी बाजू महाराष्ट्रात विशेष अवघड आहे. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू, गडचिरोलीत अनेकांची गोंडी. एक मुंडा कुळातली, दुसरी द्राविडी. त्यांच्यासाठी ‘ब बदकाचा’ हे कोडं दुहेरी आहे, कारण अक्षर अनोळखी आणि शब्दही अनोळखी. वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी जवळची असते, पण पुस्तकातली मराठी नव्हे. अशा वर्गात पहिले काही महिने मुलाच्या भाषेत गप्पा, गाणी, गोष्टी आणि मग तिच्याच शब्दांतून अक्षर, हा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन दाखवला होता. तेव्हा गुणाकाराचं सूत्र कुणी मांडलेलं नव्हतं. आज त्याच परिसरात इंग्रजी माध्यमाच्या शाळांची वाहनं फिरतात, आणि मुलाला न समजणाऱ्या भाषांमध्ये आणखी एकीची भर पडते.

संशोधनात पोकळ्या आहेतच. मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचता आले तर अर्थ लागतो, असा एक आकडा आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये फिरत असतो. पण ‘शाळेतल्यांसारखंच’ हा मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. मग मिनिटाला शब्द मोजायचे कसे? जोडाक्षरं कधी आणि कोणती आधी, यावरही मराठीत मोजूनमापून झालेलं काम थोडं आहे. आणि वाचनदोषाचा शिक्का मारण्याआधी त्या मुलाला कुणी नीट शिकवलं होतं का, ही चौकशी फार ठिकाणी होत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर त्याला बाराखडी म्हणून दाखवायला सांगू नका. एका कागदावर ‘टिमोळ’, ‘सुगणा’, ‘नर्बी’ असे कुठल्याच पुस्तकात नसलेले तीन शब्द लिहून त्याच्यापुढे ठेवा. परग्रहावरच्या प्राण्यांची नावं आहेत म्हणून सांगा. उकल कुठे अडते ते तिथेच कळेल: वेलांटीवर, ‘ण’वर की रफारावर. मग दुसऱ्या चिठ्ठीवर लिहा, ‘ओट्यावरच्या निळ्या डब्यात लाडू आहे’, आणि काही न बोलता ती त्याच्या हातात द्या. ते डब्याकडे जातं का बघा. लाडू मात्र खरोखरच ठेवा.